हुंकार

तिसऱ्या दिवशीही बोट सुटली नाही.
ह्वानासुंदच्या धक्क्यावर वारा दोरखंड पिळत बसलेला,
आणि समोर स्वीनॉय बेटावर, शाळेच्या रिकाम्या खोलीत,
समुद्राची पातळी मोजणारा संगणक
सोमवारी पहाटे आकडे पाठवायचा थांबला.

आतूनच जा की, सुन्वा, साहेब म्हणाले,
जणू बेट म्हणजे शेजारची खोली.

आतून म्हणजे ब्राउझरमधून.
भिंतीला कान असतात म्हणतात.
क्लाक्सविकच्या या कचेरीच्या भिंतीला कान नाहीत,
एक भोक आहे, चारशे त्रेचाळीस नंबरचं,
आणि भोकाशी बसलाय प्रॉक्सी.
सांगकाम्या.
पान मागा, पान देईल.
त्याहून जास्त बोलायचं तर त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही.

पलीकडचा पडदा काही पान नव्हे,
तो सारखा वाहतो, घटकेत घड्याळ बदलतं, घटकेत बाण.
म्हणून चिठ्ठीच्या माथ्यावर एक ओळ लिहावी लागते:
इथून पुढे भाषा बदलू या.
सांगकाम्या नेमकी तीच ओळ खोडतो
आणि उरलेली चिठ्ठी इमानेइतबारे पोचवतो.
उत्तर येतं, दोनशे. म्हणजे सगळं ठीक.

सुन्वाला दोनशे नको होते.
तिला हवे होते एकशे एक,
आहेराच्या पाकिटात असतात तसे,
शंभरावर तो एक,
ज्याच्यामुळे व्यवहार मोडतो आणि नातं सुरू होतं.

दुपारी तिने चिठ्ठी पाकिटात घातली, लाख लावून.
जे वाचता येत नाही ते खोडता येत नाही.
सांगकाम्याने पाकीट उजेडाकडे धरलं,
काही दिसेना,
जाऊ दिलं.

एकशे एक.

आणि चौकोना-चौकोनाने, खालून वर नाही, वाट्टेल तसा,
बेटावरचा पडदा तिच्या काचेत उतरला:
मागे कुणाच्या तरी मेंढ्याचा फोटो,
पुढे अडकलेला आलेख.
तिने चहाचा कप उचलला, ठेवला,
तेवढ्यात सगळं काळं.

साठ सेकंद कुणी बोललं नाही
की सांगकाम्याला वाटतं, निजले,
आणि तो दिवा मालवतो.

गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो.
ऐकणाऱ्याने अधूनमधून नुसतं हूं म्हणायचं,
शब्द नको, अर्थ नको,
मी जागी आहे एवढंच.
सुन्वाने दर वीस सेकंदांना एक हूं बांधून दिला
आणि पुन्हा आत गेली.

बाण हलला.
तिने हलवला नव्हता.

बाण थबकत थबकत कोपऱ्यात गेला, कोरा कागद उघडला.
एकेक अक्षर, मधे बरीच जागा सोडून:
कोण आहे?

सुन्वा. क्लाक्सविकहून.
बाण तू हलवत होतीस?
हो.
मला वाटलं, बिघाड वाढला. मी ह्यालग्रीम. हात काढू का?
नको, राहू द्या.

मग एका बाणावर दोघांचे हात,
तिने डावीकडे न्यावा, त्याने चुकून उजवीकडे,
अडकलेलं काम चार मिनिटांत सुटलं.
आलेख चालू झाला, सोमवारपासूनचं भगदाड मागे टाकून.

भगदाड माझ्याकडे आहे, त्याने लिहिलं.
सोमवारपासून धक्क्यावर जातोय. काठी, कंदील, पेन्सिल.
यंत्र यायच्या आधी एकतीस वर्षं हेच करत होतो.
सांगू?
सांगा.

एका बोटाने तो समुद्र टाइप करत राहिला.
पहाटे चार, एकशे बारा. पाच, एकशे सव्वीस.
सहा, दिसलं नाही, लाट अंगावर आली.
मधेच, मेंढा गेला, फोटो कुणी बदलू नये.
सात, एकशे चाळीस.

आकडे संपले तेव्हा कचेरीत कुणी नव्हतं.
कागदावर काठी लुकलुकत होती.
तिने काही लिहिलं नाही, त्याने काही लिहिलं नाही,
आणि दिवा मालवला नाही.
वीस सेकंद. हूं.
वीस सेकंद. हूं.

शुक्रवारी बोट सुटली.
सुट्या भागांच्या खोक्यात तिने डझनभर पेन्सिली टाकल्या
आणि पावतीवर लिहिलं, केबल.